कितवी स्टेज? स्तनाच्या कर्करोगात ऑपरेशनपूर्वीचे स्कॅन आणि त्यांच्याबद्दलचे गैरसमज

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये कर्करोगाचं निदान आलं की घरातून पहिला प्रश्न येतो तो ‘कितवी स्टेज?’ आणि त्याच्या पाठोपाठ आग्रह येतो, ‘एकदाचा पूर्ण शरीराचा पेट स्कॅन करून टाकू, म्हणजे जिवाला घोर नको.’ या आग्रहामागची भीती खरी आहे. भारतात २०२२ साली स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आढळल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे रोज पाचशेहून अधिक घरांत हा प्रश्न विचारला जातो. पण त्या भीतीतून निघालेला समज, की जितके जास्त स्कॅन तितकी जास्त खात्री, हा पुराव्याला धरून नाही. ऑपरेशनपूर्वीच्या स्कॅनचं काम पुढचा निर्णय घ्यायला मदत करणं हे आहे. ज्या स्कॅनचा निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहणार, त्यातून हाती लागतात ते बहुधा नवे संशय. आणि ज्याच्या निकालावर उपचारांची दिशा ठरते तो स्कॅन चुकला, तर बाईच्या वाट्याला नको ते ऑपरेशन येऊ शकतं. आपल्याकडे दोन्ही चुका होतात. छोट्या गाठीसाठी पेट-सीटी होतो आणि मोठी, त्वचेपर्यंत आलेली गाठ कसलीही पाहणी न करता घाईने कापली जाते.

आधी आकड्यांचा एक घोटाळा दूर करायला हवा, कारण त्याने कित्येक घरांची झोप विनाकारण उडते. मॅमोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी ‘बाय-रॅड्स ४’ असं लिहिलेलं असतं आणि ते वाचून चौथी स्टेज असल्याचा अर्थ लावला जातो. बाय-रॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने घालून दिलेली रिपोर्ट लिहिण्याची पद्धत आहे. तिच्यातला आकडा सांगतो, या चित्रावरून कर्करोगाचा संशय किती. चार म्हणजे संशय आहे, बायोप्सी करा. या चारात २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंतची शक्यता सामावलेली असते, म्हणजे चार आलेल्या पुष्कळ स्त्रियांना कर्करोग नसतोच. पाच म्हणजे शक्यता ९५ टक्के किंवा त्याहून अधिक, आणि सहा म्हणजे बायोप्सीने आधीच सिद्ध झालेला रोग. स्टेजचा हिशेब अगदी वेगळा आहे. तो गाठीचा आकार, काखेतल्या लसिका ग्रंथी आणि दूरच्या अवयवांतला फैलाव या तीन गोष्टींवर मांडतात. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत असेल तर ती पहिल्या आकारगटात, २ ते ५ दुसऱ्या, ५ च्या वर तिसऱ्या, आणि त्वचेत किंवा छातीच्या भिंतीत शिरली असेल तर चौथ्या. पण आकारगट चौथा म्हणजे चौथी स्टेज नव्हे. चौथी स्टेज हाडं, फुप्फुसं, यकृत, मेंदू अशा दूरच्या ठिकाणी रोग पोहोचल्यावरच म्हणतात. शिवाय २०१८ पासून, कर्करोगाच्या स्टेजचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकी समितीच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीनुसार, ट्यूमरची ग्रेड, हार्मोनचे दोन रिसेप्टर आणि हर-टू हे प्रथिनही स्टेजच्या हिशेबात धरलं जातं. सारख्याच आकाराची गाठ असलेल्या दोघींची स्टेज त्यामुळे वेगळी निघू शकते. स्टेजचा हा भाग कोणत्याही स्कॅनवर दिसत नाही, तो बायोप्सीच्या तुकड्यावरच कळतो.

त्या तुकड्याबद्दलही एक भीती घट्ट रुजलेली आहे: सुई लावली की कर्करोग पसरतो. गेल्या काही दशकांत जगभर अशा असंख्य बायोप्स्या झाल्या आणि नंतर त्या स्त्रियांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. सुईच्या मार्गात काही पेशी सरकलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी दिसतात हे खरं, पण त्यामुळे रोग दूरवर गेला किंवा आयुष्य कमी झालं असं आढळलेलं नाही. खरा तोटा उलट वागण्यात आहे. निदान न करता ‘गाठ काढून टाकू आणि मग तपासणीला पाठवू’ असं ऑपरेशन झालं की गाठीचा मूळ आकार, तिच्या कडा, आजूबाजूचे ठिपके हे सारं पुसलं जातं आणि स्टेज मांडायला हाती फारसं काही उरत नाही. दुसरं ऑपरेशन बहुधा करावंच लागतं. म्हणून क्रम असा हवा: आधी दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, मग सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली जाड सुईने तुकडा, आणि नंतर ऑपरेशनचा विचार. स्कॅन सुईच्या आधी करण्याचं कारणही साधं आहे. सुईमुळे आत थोडं रक्त साकळतं आणि नंतरच्या चित्रात गाठीची हद्द नीट कळत नाही.

‘सोनोग्राफीत गाठ दिसलीच आहे, मग मॅमोग्राफी कशाला?’ हा प्रश्नही वारंवार येतो. सोनोग्राफी गाठ चांगली दाखवते, ती भरीव की पाण्याची हे सांगते, काखही पाहते. पण कॅल्शियमचे मिठाच्या कणांएवढे ठिपके तिला बहुतेक वेळा दिसत नाहीत, आणि दूधनलिकांच्या आतच असलेला सुरुवातीचा कर्करोग पुष्कळदा त्याच ठिपक्यांच्या रूपात पसरलेला असतो. हाताला दीड सेंटिमीटरची गाठ लागते आणि मॅमोग्राफीत तिच्यामागे सहा-सात सेंटिमीटरपर्यंत ठिपक्यांचा पट्टा दिसतो, असं होऊ शकतं. स्तन वाचवून फक्त गाठ काढता येईल की नाही याचा निर्णय तिथे बदलतो. दुसरा स्तन पाहायचा तोही याचसाठी, कारण दोन्हीकडे एकाच वेळी रोग असणं दुर्मीळ असलं तरी अशक्य नाही. मॅमोग्राफीच्या किरणांनीच कर्करोग होईल ही भीती या टप्प्यावर तर निराधारच आहे. दोन्ही स्तनांच्या मॅमोग्राफीत मिळणारा डोस साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट असतो. नुसतं पृथ्वीवर राहिल्याने माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट डोस मिळतोच, म्हणजे हा दोनेक महिन्यांचा हिशेब झाला. मॅमोग्राफीची खरी मर्यादा दुसरी आहे. तरुण वयात स्तनातल्या ऊती दाट असतात आणि दाट ऊतींत गाठ लपते. आपल्याकडच्या रुग्णांचं सरासरी वय पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी आहे, म्हणून इथे मॅमोग्राफीच्या जोडीला सोनोग्राफी लागतेच.

आता मूळ आग्रहाकडे येतो. गाठ लहान आहे, काखेत काही लागत नाही, हाडं दुखत नाहीत, धाप लागत नाही, रक्ताच्या साध्या तपासण्या ठीक आहेत. अशा स्त्रीचा पूर्ण शरीराचा स्कॅन करावा का? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात याविषयीचे अभ्यास एकत्र करून २००१ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. पहिल्या स्टेजच्या स्त्रियांत हाडांच्या स्कॅनवर फैलाव सापडला अवघ्या ०.५ टक्के जणींत, दुसऱ्या स्टेजमध्ये २.४ टक्के, तिसऱ्या स्टेजमध्ये ८.३ टक्के. यकृताच्या सोनोग्राफीत हेच प्रमाण शून्य, ०.४ आणि २ टक्के होतं. अमेरिकेतल्या वैद्यकीय कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली टाळण्याजोग्या तपासण्यांची यादी केली तेव्हा फैलावाचा धोका कमी असलेल्या सुरुवातीच्या स्तनकर्करोगातले पेट, सीटी आणि हाडांचे स्कॅन तिच्यात घातले. त्यावर कुणीही म्हणेल, ‘दोनशेत एक तर आहे ना, ती एक मी असेन तर?’ हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही, म्हणून त्याचं उत्तर आकड्यांतच द्यायला हवं. पहिल्या स्टेजच्या हजार जणी धरा. त्यांतल्या पाच जणींना हाडांत रोग आहे आणि स्कॅनने त्या पाचही पकडल्या असं मानू. उरलेल्या ९९५ जणींपैकी समजा फक्त पाच टक्के जणींच्या चित्रात काहीतरी संशयास्पद दिसलं, तर त्या झाल्या पन्नास. म्हणजे ‘हाडांत काहीतरी आहे’ असं ऐकणाऱ्या पंचावन्न जणींपैकी पन्नास जणींना तिथे रोग नसतो. त्यांना मग एमआरआय, पुन्हा सुई, कधी मणक्याची बायोप्सी, आणि तोवर ऑपरेशन लांबणीवर. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे आपल्याकडे असा खोटा संशय येण्याची शक्यता अधिकच. पेट स्कॅनमध्ये दिलेली साखर कर्करोगाच्या पेशी शोषतात तशीच क्षयाने सुजलेली ग्रंथीही शोषते, आणि पडद्यावर दोन्ही सारख्याच उजळ दिसतात. छातीत उजळलेली ग्रंथी पाहून फैलाव ठरवायचा आणि बाईला चौथ्या स्टेजची म्हणून बरं करण्याचे उपचार नाकारायचे, ही चूक भयंकर आहे. म्हणून स्कॅनवर एखादाच संशयित डाग असेल तर शक्य तिथे त्याचा तुकडा तपासल्याशिवाय चौथी स्टेज म्हणू नये, हा नियम आपल्या देशात तर काटेकोरपणे पाळायला हवा.

याच्या उलट बाजूचा गैरसमज तितकाच घातक आहे: पेट स्वच्छ आला, म्हणजे आता केमो नको. पेट स्कॅनला साधारण पाच मिलिमीटरहून लहान ठिकाणं विश्वासाने दिसत नाहीत, आणि तेवढ्याशा जागेतही पेशींची संख्या लाखांत-कोटींत असते. ऑपरेशननंतर, किंवा काही वेळा आधीच, केमो, हार्मोनच्या गोळ्या किंवा हर-टूवरचं औषध देतात ते या न दिसणाऱ्या पेशींसाठी. हा निर्णय गाठीच्या जातीवर, आकारावर आणि काखेतल्या ग्रंथींवर घेतला जातो. स्वच्छ पेटने तो रद्द होत नाही. मग आजची यंत्रं जुन्या हाडांच्या स्कॅनपेक्षा सरस आहेत त्याचं काय, असं विचारलं जाईल. सरस आहेतच. पण ज्या गटात फैलाव मुळातच विरळ आहे तिथे यंत्र सुधारलं तरी सापडणार थोडंच. लक्षणं असतील, रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असेल, किंवा काखेत ग्रंथी असून गाठ आक्रमक जातीची असेल, तर गोष्ट वेगळी. त्या स्त्रीचा गटच बदलतो आणि स्कॅन योग्य ठरतो.

गट बदलला की युक्तिवादही पूर्ण उलटतो. गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी झालेली किंवा काखेतल्या ग्रंथी एकमेकींना चिकटलेल्या, अशा अवस्थेत आपल्याकडे अजूनही बऱ्याच स्त्रिया येतात. इथे ‘आधी कापून टाका, बाकीचं नंतर पाहू’ ही घाई चुकीची. ओंटारिओतच झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा ३६९ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते. एका गटाचं पेट-सीटी झालं, दुसऱ्याचं साधं सीटी आणि हाडांचा स्कॅन. पेट-सीटीच्या १८४ जणींपैकी ४३ जणींना चौथी स्टेज असल्याचं कळलं, म्हणजे २३ टक्के. दुसऱ्या गटातल्या १८५ पैकी २१ जणींना, म्हणजे ११ टक्के. लहान गाठीतला अर्धा टक्का आणि इथले तेवीस टक्के, या अंतरातच स्कॅन कुणाचा करायचा याचं उत्तर आहे. आणि ही माहिती निर्णय खरोखरच बदलते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी निदानाच्या वेळीच चौथ्या स्टेजमध्ये असलेल्या आणि केमोला प्रतिसाद दिलेल्या ३५० स्त्रियांवर चाचणी केली. निम्म्यांच्या स्तनाचं आणि काखेचं ऑपरेशन व रेडिएशन झालं, निम्म्यांचं नाही. २०१५ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात निकाल आला: ऑपरेशन झालेल्या गटाचं मध्यगत आयुष्य १९.२ महिने, न झालेल्यांचं २०.५ महिने. म्हणजे ऑपरेशनने आयुष्य वाढलं नाही. पुढे अमेरिकेतल्या चाचणीतही तेच दिसलं. जखम, वेदना, त्रास देत असेल तर ऑपरेशन करतातच. पण रोग हाडांत किंवा यकृतात आहे हे माहीत नसताना केवळ बरं करण्याच्या आशेने स्तन काढणं, आणि त्यात औषधं सुरू करायला आठवडे घालवणं, हे एका वेळेवर केलेल्या स्कॅनने टळतं. मोठ्या गाठीत आधी केमो द्यायची ठरली तर गाठीत धातूची छोटी खूण ठेवून घ्यावी. केमोने गाठ इतकी विरघळते की काही वेळा ती मुळात कुठे होती हे ऑपरेशनच्या वेळी चित्रावर सापडत नाही.

एमआरआयच्या बाबतीत गैरसमज रुग्णांपुरता नाही, कारण त्याचं तर्कशास्त्र फारच पटण्यासारखं दिसतं. एमआरआय सर्वांत संवेदनशील, म्हणजे ऑपरेशनआधी तो केला की काही राहून जाणार नाही. अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो की एमआरआय सुमारे १६ टक्के स्त्रियांत जास्तीचा रोग दाखवतो. मग ऑपरेशनं अधिक नेमकी व्हायला हवीत, रोग उलटण्याचं प्रमाण घटायला हवं. ब्रिटनमधल्या कोमिस चाचणीने हेच तपासलं. १६२३ स्त्रियांपैकी निम्म्यांना ऑपरेशनपूर्वी एमआरआय दिला, आणि २०१० साली निकाल लागला: पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्ही गटांत १९ टक्के. नेदरलँड्समधल्या मोनेट चाचणीत, हाताला न लागणाऱ्या गाठींत, ते एमआरआयच्या गटात उलट वाढलं, १२ च्या जागी ३४ टक्के. असं का व्हावं? गाठीभोवती उरलेले बारीक अंश ऑपरेशननंतरच्या रेडिएशनने आणि औषधांनी आटोक्यात येतात. स्तन वाचवून केलेलं ऑपरेशन अधिक रेडिएशन आणि संपूर्ण स्तन काढणं यांत आयुर्मानाचा फरक नाही, हे मिलानच्या आणि अमेरिकेच्या चाचण्यांनी वीस वर्षं पाठपुरावा करून २००२ साली दाखवलं होतं. त्या चाचण्या एमआरआयविना झाल्या होत्या. एमआरआयने दाखवलेलं प्रत्येक ठिकाण कापायला गेलं की बाधित नसलेला भागही जातो, आणि कित्येकदा पूर्ण स्तनच काढला जातो. तरी एमआरआय सरसकट मोडीत काढू नये. काखेत कर्करोगाची ग्रंथी आहे पण मॅमोग्राफी-सोनोग्राफीत मूळ गाठ सापडत नाही, गाठ लोब्युलर जातीची आहे जी ओळीने पसरते आणि इतर चित्रांत आकाराने लहान भासते, बीआरसीए जनुकात दोष आहे, किंवा आधी केमो देऊन गाठ किती आटली ते पाहायचं आहे, तर त्याची खरी गरज असते. एमआरआयवर दिसलेल्या जास्तीच्या डागाची बायोप्सी झाल्याशिवाय मात्र ऑपरेशनचा बेत बदलू नये.

काखेच्या बाबतीत या सगळ्याचा सर्वांत सुंदर पुरावा मिळतो. काखेतल्या ग्रंथी सरसकट काढल्या की हात सुजतो, जड होतो, आणि कष्टकरी बाईचं रोजचं काम अडतं. म्हणून आधी पहारेकरी ग्रंथी, म्हणजे रोग जिथे सर्वप्रथम पोहोचेल अशा एक-दोन ग्रंथी, काढून तपासण्याची पद्धत आली. पेट स्कॅन तिची जागा घेऊ शकत नाही, कारण ग्रंथीतले बारीक अंश त्याला दिसत नाहीत. मग साध्या सोनोग्राफीवर विसंबता येईल का? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः इटलीत झालेल्या साउंड चाचणीत दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि सोनोग्राफीत स्वच्छ काख असलेल्या १४०५ स्त्रिया होत्या. एका गटाच्या पहारेकरी ग्रंथी काढल्या, दुसऱ्या गटाच्या काखेला हातच लावला नाही. पहिल्या गटात १३.७ टक्के जणींच्या ग्रंथींत रोग निघाला, म्हणजे सोनोग्राफीला तो दिसला नव्हता. आणि तरीही दूरवर फैलाव न होता पाच वर्षं काढणाऱ्यांचं प्रमाण ग्रंथी काढलेल्या गटात ९७.७ टक्के आणि न काढलेल्या गटात ९८ टक्के निघालं. स्कॅनमधून सुटलेला तो रोग स्तनाच्या रेडिएशनने आणि औषधांनी आवरला गेला. युरोपातल्या इन्सेमा चाचणीनेही पुढच्याच वर्षी याला दुजोरा दिला. यातल्या बहुसंख्य स्त्रिया पाळी गेलेल्या आणि हार्मोन रिसेप्टर असलेल्या होत्या, त्यामुळे तरुण किंवा आक्रमक जातीच्या कर्करोगाच्या रुग्णांना हा निकाल सरळ लावता येत नाही. पण स्कॅनला सगळं दिसलं नाही तरी ठरवून केलेली एक साधी तपासणी बाईचा हात वाचवू शकते, हे त्यातून सिद्ध झालं.

शेवटी एक तक्रार: ‘आधी पहिली स्टेज सांगितली आणि ऑपरेशननंतर दुसरी झाली, म्हणजे पहिल्यांदा चुकलंच.’ ऑपरेशनपूर्वीची स्टेज तपासणी आणि स्कॅनवरून मांडलेली असते, नंतरची प्रयोगशाळेत गाठ आणि ग्रंथी कापून पाहिल्यावर. काखेत दोन मिलिमीटरहून मोठा रोग निघाला तर आकडा बदलू शकतो. तो मधल्या दोन आठवड्यांत वाढलेला नसतो, आधीच तिथे असतो.

स्कॅनची वेळ घेण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा: या तपासणीत काही सापडलं तर उपचारात काय बदलेल, काही सापडलं नाही तर काय बदलेल, आणि संशयास्पद डाग आला तर त्याची बायोप्सी होणार आहे का. मॅमोग्राफीच्या मूळ फिल्म, सीडी आणि बायोप्सीचा रिपोर्ट जवळ ठेवा. शहर किंवा रुग्णालय बदललं तर नुसत्या रिपोर्टच्या कागदावर दुसऱ्या तज्ज्ञाला ठाम मत देता येत नाही, आणि मूळ चित्रं हाताशी असली तर तीच तपासणी पुन्हा करायची वेळ सहसा येत नाही.